तंतू आणि स्नायू : एका भेटीच्या शोधाचा इतिहास

जुन्या घराण्यांच्या कुळवृत्तांतांत माणसाची नोंद कशी असते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत. कोणता पुरुष कोणत्या सरदाराबरोबर नर्मदा ओलांडून आला, त्याला इनाम काय मिळाले, पुत्र किती झाले. शरीराची नोंद त्यांत क्वचितच आढळते. आमच्या घराण्याच्या वृत्तांतात मात्र पणजोबांच्या नावापुढे 'पायाने अधू' असे दोन शब्द छापलेले आहेत. त्यांच्यानंतर प्रत्येक पिढीत गुडघा उंच उचलून पाऊल आपटीत चालणारे कोणी ना कोणी होतेच. घरात त्याला 'आपली चाल' म्हणत. बाहेर कोणी विचारलेच, तर लहानपणी झाडावरून पडल्याचे सांगत. सोयरिकीची बोलणी असली, की पाहुणे येण्यापूर्वीच त्या माणसाला बैठकीत लोडाला टेकवून बसवीत. म्हणजे चालताना कोणाला दिसायला नको.

पुढे आमच्या एका पुतण्याची रीतसर तपासणी झाली, तेव्हा त्या चालीला एक लांबलचक परदेशी नाव असल्याचे कळले : शार्को-मारी-टूथ. मी वैद्यक शिकलेलो नाही. इतिहास वाचण्याची आवड तेवढी आहे. म्हणून औषधाची चौकशी तरुणांवर सोपवून मी त्या नावामागच्या माणसांची चौकशी करू लागलो. हाती आलेला इतिहास एका रोगापुरता राहिला नाही. मज्जातंतू आणि स्नायू जेथे एकमेकांना भेटतात, त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेच्या शोधाचा तो इतिहास निघाला. त्याचबरोबर, या शोधात रुग्णाच्या वतीने कोणाकोणाला उभे केले गेले, त्याचाही. आधी शव, मग बेडूक, मग उंदीर आणि आता रुग्णाच्याच कातडीपासून घडवलेली पेशी, असा हा सव्वाशेहून अधिक वर्षांचा प्रवास आहे.

पॅरिस आणि केंब्रिज, १८८६

पॅरिसमधील साल्पेत्रिएर हे एकोणिसाव्या शतकातील मज्जाविकारांचे सर्वांत मोठे विद्यापीठ म्हणता येईल असे रुग्णालय होते. तेथे झां-मार्टिन शार्को यांची पद्धत ठरलेली होती. रुग्ण जिवंत असताना त्याच्या लक्षणांचे बारकाईने वर्णन करून ठेवायचे आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात त्या लक्षणांचे मूळ शोधायचे. १८८६ साली शार्को व त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी पाच रुग्णांवर आधारलेला एक लेख प्रसिद्ध केला. स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा हा एक विशिष्ट प्रकार असून तो बहुधा कुटुंबात चालत आलेला असतो, पाय आणि पोटऱ्यांपासून त्याची सुरुवात होते व हात पुढे सापडतात, एवढा सारा आशय त्यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकला होता.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड हेन्री टूथ या तीस वर्षांच्या वैद्याने केंब्रिज विद्यापीठास प्रबंध सादर केला. विषय तोच होता. मात्र एका महत्त्वाच्या प्रश्नावर दोहोंची उत्तरे वेगळी पडली. हा रोग राहतो कोठे? शार्को व मारी यांचा कल मेरुरज्जूकडे होता. टूथ यांचे म्हणणे असे, की बिघाड मेरुरज्जूतून बाहेर पडून हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंत आहे. शार्को यांचा दबदबा मोठा होता. पण पुढील काळाने कौल दिला तो तरुण टूथ यांच्या बाजूने. रोगाच्या नावात तिघेही शेजारी बसले आहेत, त्यांतला मतभेद मात्र नावात दिसत नाही.

रोगाचे स्वरूप थोडक्यात असे : पायाची कमान उंच होते, बोटे आकसतात, घोट्याला बळ राहात नाही. पाऊल पुढून लोंबते आणि ते अडखळू नये म्हणून गुडघा उंच उचलावा लागतो. पोटऱ्या बारीक होत जातात. पुढे बटण लावणे, किल्ली फिरवणे, सुईत दोरा ओवणे जड जाते. बुद्धीला धक्का लागत नाही आणि आयुष्यही बहुतेकांचे पूर्ण असते. साधारणपणे अडीच हजारांत एकाला हा विकार असतो असे मानतात. म्हणजे तो दुर्मिळ म्हणावा असा नाही, केवळ अनोळखी आहे.

बेडकाचा पाय

रोग तंतूत आहे असे म्हटल्यावर, तंतू स्नायूला हालवतो तरी कसा, हा प्रश्न उभा राहतो. याच्या उत्तराचा धागा शंभर वर्षे मागे जातो. इटलीत लुइजी गॅल्व्हानी यांनी मृत बेडकाच्या पायातील तंतूला विद्युत्-स्पर्श होताच पाय झटक्याने आखडतो, हे आपले निरीक्षण १७९१ साली प्रसिद्ध केले. तेव्हापासून बेडूक हा या शास्त्राचा मुका सोबती झाला.

पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक साधाच, पण विलक्षण प्रयोग केला. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना कुरारे नावाचे विष लावीत. त्याने प्राणी तडफडत नाही. त्याचे अंग नुसते लुळे पडते. बर्नार यांनी ते बेडकाला टोचले. नंतर तंतूला विजेने डिवचले तर स्नायू हालेना. स्नायूलाच थेट डिवचले तर मात्र तो आखडे. एका पायाचा रक्तपुरवठा आधीच दोरीने बांधून टाकला असेल, तर त्या पायाचा तंतू विष दिल्यावरही आपले काम बजावीत असे. म्हणजे विषाने तंतूही मारला नव्हता आणि स्नायूही मारला नव्हता. विषाचा घाव बसला होता तो दोघांच्या भेटीच्या ठिकाणी. या भेटीच्या जागेला आपण येथे संधिस्थान म्हणू.

पण भेट म्हणजे नेमके काय? तंतू स्नायूत मिसळून जातो, की दोघांत अंतर असते? मज्जासंस्था हे एकच अखंड जाळे आहे, असे इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांचे मत होते. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जी यांनीच शोधलेल्या रंगक्रियेने पेशी रंगवून पाहिल्या आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, असे उलट अनुमान काढले. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले आणि गॉल्जी यांनी त्या वेळच्या व्याख्यानात आपल्या सहमानकऱ्याचा सिद्धान्तच खोडण्याचा यत्न केला. पारितोषिकांच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच.

या वादाचा निकाल लावण्यास मदत केली ती पुन्हा बेडकाने. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या गर्भातील मज्जाऊतीचा कण काचपट्टीवर लसीकेच्या थेंबात टांगून जिवंत ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पेशीतून तंतूचा कोंब फुटून पुढे सरकताना दिसला. तंतू जाळ्याचा भाग म्हणून तयार होत नाही; एकेक पेशी तो आपल्या अंगातून वाढवते आणि स्नायूच्या दिशेने पाठवते, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसले. शरीराबाहेर मज्जापेशी वाढवण्याची विद्या येथून सुरू झाली. आजच्या प्रयोगशाळांतील पेशीसंवर्धन ही त्या टांगत्या थेंबाचीच संतती होय.

अंतर असेल, तर निरोप पलीकडे पोहोचतो कसा? ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले, की तंतू आपला संदेश एखाद्या रसायनाच्या रूपाने देऊ शकतो. हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली स्नायूंच्या बाबतीत ते रसायन ॲसिटिलकोलीन असल्याचा पुरावा दिला. त्या सहकाऱ्यांपैकी विल्हेल्म फेल्डबर्ग ज्यू असल्यामुळे जर्मनीतून पदच्युत होऊन इंग्लंडला आलेले होते. लायप्झिगहून १९३५ साली असाच आश्रयास आलेला आणखी एक तरुण म्हणजे बर्नार्ड कॅट्झ. बेडकाच्या स्नायूत अतिसूक्ष्म विद्युदग्र खुपसून त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात दाखवले, की हे रसायन सलग झरत नाही. ठरावीक मापाच्या पुड्या सुटाव्यात तसे सुटते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुढे त्या पुड्याही दिसल्या आणि तंतू व स्नायू यांच्यामधली फटही दिसली. तिची रुंदी एका मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतकी आहे. पाऊल उचलण्याचा प्रत्येक हुकूम ही फट ओलांडूनच जातो.

वेष्टन की तार?

इकडे रोगाच्या अभ्यासात १९६८ साली एक महत्त्वाची वाटणी झाली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये पीटर डिक व एडवर्ड लॅम्बर्ट यांनी तंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजून अशा आनुवंशिक विकारांचे गट पाडले. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूवर मायलिनचे वेष्टन असते आणि ते श्वान पेशी गुंडाळतात. वेष्टन बिघडले तर संदेश मंदावतो. हा पहिला गट. वेष्टन ठीक, पण आतली तारच झडू लागली तर वेग जवळजवळ कायम राहतो, मात्र पोहोचणारा संदेश क्षीण होतो; हा दुसरा गट. पुढे १९८० साली हातातील तंतूचा सेकंदाला ३८ मीटर हा वेग दोहोंमधली सीमारेषा म्हणून रूढ झाला.

१९९१ साली ह्यूस्टन येथील जेम्स लुप्स्की यांचा गट आणि बेल्जियममधील अँटवर्प येथील गट यांनी पहिल्या गटाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे कारण शोधून काढले. सतराव्या गुणसूत्रावरचा सुमारे १५ लाख रासायनिक अक्षरांचा एक तुकडा या रुग्णांत दोनदा आलेला असतो. पोथी नकलताना लेखनिकाची नजर चुकावी आणि तीच पाने पुन्हा लिहिली जावीत, तसा हा प्रकार. त्या पानांत मायलिनच्या एका प्रथिनाचे जनुक आहे, हे १९९२ साली कळले. दोन प्रतींऐवजी तीन प्रती झाल्या, की ते प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होते व वेष्टन बिघडते. आमच्या पुतण्याच्या अहवालात हीच द्विरुक्ती निघाली. आईवडिलांपैकी एकाकडून ती आली तरी पुरते. म्हणजे प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव निम्मा. पणजोबांच्या नावापुढील दोन शब्दांचा अर्थ हा होता.

या शोधाला एक हृद्य पुस्ती आहे. लुप्स्की यांना स्वतःलाच हा विकार आहे. परंतु १९९१ साली त्यांनी जे कारण जगासमोर ठेवले, ते त्यांच्या स्वतःच्या शरीरात नव्हते. आपल्या रोगाचे कारण त्यांना सापडायला २०१० साल उजाडले. त्या वर्षी त्यांनी स्वतःचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. एक दोष वडिलांकडून आणि त्याच जनुकातला दुसरा दोष आईकडून, असे दोन्ही एकत्र आल्यामुळे त्यांना व त्यांच्या काही भावंडांना रोग झाला होता. आईवडील दोघेही धडधाकट चालणारे. हा अप्रकट प्रकार जेथे नात्यातच सोयरिकी होतात, तेथे अधिक डोके वर काढतो. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल आणि परप्रांतातील थोडक्या घरांतच फिरणाऱ्या सोयरिकी ज्यांच्या पाहण्यात आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आज या विकाराशी संबंधित शंभराहून अधिक जनुके ठाऊक आहेत. एक नाव, पण कारणे शंभर.

उंदीर बरे झाले

कारण कळले की औषध सापडेल, असे वाटणे स्वाभाविक होते. माणसातील दोष उंदरात उतरवून त्यावर औषधे पारखण्याची पद्धत तोवर सर्वमान्य झाली होती. २००४ साली फ्रान्समधील मार्सेय येथून बातमी आली : सतराव्या गुणसूत्रावरील द्विरुक्तीसारखा दोष असलेल्या उंदरांना क जीवनसत्त्व भरपूर दिल्यावर त्यांचे वेष्टन सुधारले, ते अधिक चांगले चालू लागले. आवळ्यात, पेरूत, लिंबात मिळणारे स्वस्त जीवनसत्त्व! जगभरच्या रुग्णांनी गोळ्या आणल्या. आमच्या पुतण्यानेही आणल्या. रोज सकाळी दुधाबरोबर तो त्या घेई आणि महिन्याच्या शेवटी अंगणात चालून दाखवी. आम्ही ओट्यावर बसून पाहात असू आणि 'फरक आहे हो' असे त्याला सांगत असू.

इटली व ब्रिटन येथील अडीचशेहून अधिक रुग्णांना दोन वर्षे क जीवनसत्त्व किंवा तत्सम दिसणारी निरुपयोगी गोळी देऊन झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. फरक नव्हता. इतर देशांतील चाचण्यांनीही तेच सांगितले. उंदीर बरे झाले, माणसे झाली नाहीत.

असे का व्हावे? उंदराच्या पायाकडे जाणारा तंतू काही सेंटिमीटरांचा. माणसाचा जवळजवळ एक मीटर. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. माणसाचा रोग दशकानुदशके वाढणारा. आणि २०१७ साली एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी स्नायूंतील संधिस्थाने त्यांनी उंदरांच्या संधिस्थानांशी ताडून पाहिली. माणसाची संधिस्थाने आकाराने लहान, अधिक तुटक व घडणीतही वेगळी निघाली. वय वाढले तरी ती फारशी बदलत नाहीत, असेही दिसले. उंदरांत मात्र म्हातारपणी ती विस्कटतात. बर्नार यांनी बेडकात दाखवलेली ती भेटीची जागा माणसात निराळी आहे, आणि माणसाच्या रोगाचा निकाल आपण आजवर दुसऱ्याच्या जागेवरून लावीत होतो, असा याचा अर्थ.

तरीही उंदरांनी एक धडा दिला, तो विसरता येणार नाही. दुसऱ्या गटातील एका प्रकारात प्रथिने बनवण्याच्या कामी लागणारे एक जनुक बिघडते, हे २००३ साली कळले. शरीरातील प्रत्येक पेशीला लागणारे हे जनुक, पण त्रास होतो तो हातापायांच्या तंतूंनाच. त्या दोषाचे उंदीर तपासले असता २०१४ साली असे दिसले, की तंतू व स्नायू यांची ताटातूट होण्यापूर्वीच संधिस्थानांची वाढ खुंटलेली असते. पहिल्या गटातही वेष्टनाच्या बिघाडापायी अखेर आतली तार झडते, तिचे दूरचे टोक स्नायूवरून सुटते आणि तेव्हाच पाय लुळा पडू लागतो. वेष्टन असो की तार, नुकसानीचा हिशेब शेवटी संधिस्थानावर येऊन थांबतो. म्हणून माणसाचे संधिस्थान जिवंतपणी पाहता आले पाहिजे, ही गरज उरली. पण चालत्या-बोलत्या माणसाच्या मेरुरज्जूतून पेशी काढून घेणार कशी?

रुग्णाचीच पेशी

उत्तराची सुरुवात, योगायोगाने म्हणा, पुन्हा बेडकापासून झाली. इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी १९६२ साली दाखवले, की बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक बीजांडात घातले तर त्यापासून सबंध प्राणी वाढू शकतो. म्हणजे आतड्याची पेशी झाली तरी ती बाकीचे शरीर घडवण्याची विद्या विसरलेली नसते. पोथी सगळी असते, फक्त पाने मिटलेली असतात. जपानमधील क्योतो येथे शिन्या यामानाका यांनी ही पाने उघडण्याची किल्ली शोधली. २४ जनुकांपासून आरंभ करून, गाळत गाळत, केवळ चार जनुके पुरतात असे त्यांना आढळले. २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीतील पेशी त्यांनी मूलपेशींच्या अवस्थेत परत नेल्या. मूलपेशी म्हणजे जिला अजून काहीही होता येते अशी पेशी. गर्भाचा नाश न करता त्या मिळू लागल्या, हे त्यातले नैतिक महत्त्व. गर्डन व यामानाका यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मूलपेशीला स्नायू हालवणारी चेतापेशी कशी करावयाची, ही रीत न्यूयॉर्क येथील शास्त्रज्ञांनी उंदराच्या मूलपेशींवर २००२ सालीच बसवली होती. गर्भात मेरुरज्जू घडताना पेशींना जी रसायने ज्या क्रमाने भेटतात, तीच त्याच क्रमाने बशीत द्यावयाची. त्यांत अ जीवनसत्त्वापासून बनणारे एक आम्लही आहे. या दोन विद्या एकत्र आल्या आणि २००८ साली अमेरिकेत एका ८२ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या कातडीपासून चेतापेशी तयार झाल्या. तिचा विकार निराळा, अधिक घातक होता. पण वाट खुली झाली. २०१५ साली शार्को-मारी-टूथच्या दुसऱ्या गटातील दोन प्रकारांच्या रुग्णांपासून अशा पेशी घडवल्या गेल्या आणि त्यांच्या विद्युत्-वर्तनात दोष आढळले.

एकटी चेतापेशी मात्र अर्धीच गोष्ट सांगते. तिला भेटावयास स्नायू हवा. यासाठी दोन कप्प्यांच्या सूक्ष्म बशा वापरतात. तंतूचे टोक व पेशीचे शरीर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची कल्पना १९७७ सालची आहे. एका कप्प्यात चेतापेशी, दुसऱ्यात स्नायू, आणि मधल्या केसाएवढ्या वाटांतून तंतू पलीकडे जातात. २०१८ साली मॅसॅच्युसेट्स येथील अभ्यासकांनी अशाच एका चकतीवर प्रकाशाने चेतापेशी उद्दीपित केल्या आणि पलीकडचा स्नायू किती जोराने आखडतो ते मोजले. २०२० साली बर्लिनमध्ये याहून नवलाची गोष्ट घडली. मूलपेशींपासून एकत्रच वाढवलेल्या गोळ्यात मेरुरज्जूच्या पेशी आणि स्नायू आपापल्या जागी गेले, त्यांची संधिस्थाने जुळली, भोवती श्वान पेशीही आल्या, आणि तो कणाएवढा स्नायू स्वतःहून स्फुरण पावू लागला. तार, वेष्टनाची पेशी आणि स्नायू हे तिघेही एका ठिकाणी आल्यामुळे पहिल्या गटाच्या विकाराकरिताही अशा रचनांचा विचार होऊ लागला आहे.

आणि येथे एक गोष्ट वाचताना मी थबकलो. बशीतला स्नायू हालतो आहे तो तंतूच्या हुकुमाने, की आपला आपण, हे ठरवायचे कसे? अशा प्रयोगांत त्याची कसोटी पुष्कळदा एकच असते. बशीत कुरारेचा अंश टाकतात. स्नायू थांबला, तर हुकूम तंतूचा होता. बर्नार यांच्या बेडकापासून दीडशेहून अधिक वर्षे लोटली. साक्षीदार बदलले, उलटतपासणीचा प्रश्न तोच राहिला.

या पद्धतीचा आणखी एक गुण. २०१२ नंतर जनुकातील चूक नेमकी कापून दुरुस्त करण्याचे तंत्र हाती आले. त्यामुळे रुग्णाच्या पेशीशेजारी त्याच रुग्णाची, पण केवळ ती एक चूक सुधारलेली पेशी ठेवता येते. सख्ख्या जुळ्या भावांत एकाला रोग आणि एकाला नाही, अशी ही तुलना. फरक दिसला, तर तो त्या चुकीचाच.

बशीत न मावणारे

मात्र क जीवनसत्त्वाने पोळल्यावर ताकही फुंकून पिणे बरे. या विकाराची खूण अशी, की सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी थकतात. म्हणून पाय आधी, हात नंतर. बशीतला तंतू काही मिलिमीटरांचा. ज्या लांबीमुळे रोग होतो, तीच लांबी तेथे नाही. दुसरे असे, की कातडीची पेशी मूलपेशी झाली म्हणजे तिचे वयही पुसले जाते. साठ वर्षांच्या माणसाकडून घेतलेली पेशी बशीत गर्भावस्थेतील मुलासारखी वागते. आणि हा रोग तर वर्षांचा आहे. लांबी आणि काळ, या दोन गोष्टी अजून कोणत्याही बशीत मावलेल्या नाहीत. वेष्टन पूर्णपणे गुंडाळणाऱ्या प्रौढ श्वान पेशी बशीत घडवणेही कठीणच आहे. या मूळ रोगाला थांबवील असे सर्वमान्य औषध अद्याप नाही. व्यायाम, घोट्याला आधार देणारे पट्टे, योग्य पादत्राणे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, यांवरच भागवावे लागते.

तरीही बदल झाला आहे, आणि तो लहान नाही. औषधाची पहिली पारख माणसाच्या पेशीवर होऊ शकते. २०२२च्या डिसेंबरात अमेरिकेने कायदा सुधारून नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढून टाकली, तीही अशाच पद्धतींवर विसंबून. शंभर कारणांपैकी ज्या कारणाची पेशी, त्या कारणाचे औषध, असे निदान म्हणता तरी येऊ लागले. टूथ यांनी १८८६ साली रोग तंतूत आहे म्हणून बोट दाखवले, ते बोट आज तंतूच्या अगदी टोकावर येऊन टेकले आहे.

हा सारा इतिहास वाचताना एक गोष्ट मनातून जात नाही. शार्को व मारी यांच्या हाती काय होते? जनुके नव्हती, मूलपेशी नव्हत्या, विद्युदग्र नव्हता. त्यांच्यापाशी होती ती कुटुंबांनी सांगितलेली हकिकत : माझ्या वडिलांचेही असेच होते, माझ्या भावाचेही असेच आहे. 'बहुधा कुटुंबात चालत आलेला' हे शब्द ते शीर्षकात लिहू शकले ते त्यामुळेच. आजही रुग्णाच्या पेशीवर प्रयोग करणाऱ्याचा पहिला प्रश्न घरात आणखी कोणाला, हाच असतो. लुप्स्की यांनी स्वतःचे नाव व आपल्या भावंडांचे दुखणे जगापुढे मांडले, म्हणून त्यांच्या जनुकाचा उलगडा झाला. आम्ही मात्र तीन पिढ्या झाडावरून पडत राहिलो.

आमच्या कुळवृत्तांताची नवी आवृत्ती निघावयाची आहे. पुतण्याने संपादक मंडळाला पत्र लिहून विचारले, माझ्या नावापुढे रोगाचे नाव घालाल का? मंडळात दोन मते पडली. सोयरिकीच्या काळजीने विरोध करणारी माणसे वाईट नव्हेत. त्यांच्याही घरी उपवर मुली आहेत. मीही बराच काळ गप्प होतो. शेवटी असे ठरले, की जो स्वतः संमती देईल त्याचीच नोंद करावयाची, इतरांची नाही. पुतण्याने लेखी संमती दिली. त्या बैठकीला तो वेळेवर आला, सगळे जमल्यावर दारातून आत आला आणि त्या सगळ्यांसमोरून, गुडघा उंच उचलीत, चालत जाऊन आपल्या जागी बसला.